पायाखाली तवा तापलाय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी पेट्रोलच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल चार प्रश्न आले आणि चारही एकाच दुखण्याचे, की गाडी चालवताना आत भाजून निघतं. मे महिना सरतोय, त्यात घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, म्हणजे हा विषय आत्ताच यायचा होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण पुढच्या तिघांनाही ते लागू आहे, म्हणून कापलं नाही.

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे १९६७ ची एमजीबी रोडस्टर आहे, उजव्या स्टिअरिंगची, सासऱ्यांकडून आलेली. दोन वर्षांपूर्वी इंजिन उघडून केलं, तेव्हाच एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनमधला धूर गोळा करून पाइपात सोडणारा बिडाचा भाग) बदलून ट्यूबवाला हेडर टाकला. गाडी मस्त पळते, गेजवर टेम्परेचर नॉर्मल, पण आत इतकं तापतं की विचारू नका. मिसेस डावीकडे बसतात, मानपाड्याच्या सिग्नलला त्यांच्या चपलेचा सोल मऊ पडला. एका ठिकाणी सगळ्या फ्लोअरला फॉइलवाली डॅम्पिंग शीट लावून घेतली, वर जाड कार्पेट, तरी काडीचा फरक नाही, उलट आता डांबरासारखा वास येतो. आता गॅरेजवाला म्हणतो डाउनपाइपला (हेडरपासून खाली उतरणाऱ्या पाइपला) हीट रॅपची, म्हणजे गरमी अडवणारी, पट्टी गुंडाळू. गुंडाळावी का? बाकी कधीकधी तासाभराने डोकं जड होतं, पण ते उन्हाने होत असेल. — एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : पट्टीचं नंतर बघू. आधी तुमचं शेवटचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. डोकं जड होतं ते उन्हाने असेलही, पण ज्या गाडीत एक्झॉस्टची गरमी आत येतेय त्या गाडीत एक्झॉस्टचा गॅससुद्धा आत येत असू शकतो, रस्ता तोच असतो ना. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. जुन्या कार्बोरेटर गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे त्याचं प्रमाण आजच्या गाड्यांपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून माझी हात जोडून विनंती, की लीक तपासून होईपर्यंत मिसेसना किंवा मुलांना घेऊन लांब जाऊ नका. घरात लावायचा बॅटरीवरचा सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, अलार्म मिळतो, तो आणा आणि सीटजवळ ठेवून एक चक्कर मारा. वाजला तर तिथेच थांबा, इंजिन बंद करा आणि गाडीतून बाहेर या.

लीक कुठे असेल याचा माझा अंदाज सांगतो, कारण तुम्ही हेडर टाकल्याचं लिहिलंय. एमजीबीच्या १७९८ सीसी बी-सिरीज इंजिनला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत, डावीकडे, आणि मधल्या स्टडवर एकच जाड वायसर दोन्हीच्या फ्लँजना मिळून दाबतो. म्हणजे अर्धा वायसर इनटेकच्या फ्लँजवर, अर्धा एक्झॉस्टच्या. ओरिजिनल बिडाचा मॅनिफोल्ड आणि इनटेक यांची जाडी सारखी असते म्हणून तो सरळ बसतो, पण बाजारातल्या हेडरची फ्लँज पातळ निघाली की वायसर तिरका होतो, इनटेक घट्ट आणि एक्झॉस्ट सैल, आणि नट कितीही आवळला तरी उपयोग शून्य. गॅस तिथून निघतो, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, आपटतो आणि जिथे भोक मिळेल तिथून आत. फ्लँजची जाडी कॅलिपरने मोजा, फरक असेल तर वायसर एका बाजूने घासून पायरी करून घ्या. कुठलाही जुना टर्नर हे काम करून देईल, वागळे इस्टेटमध्ये अजून तसे हात आहेत.

लीक बघायची पद्धत सोपी आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर टेलपाइपला कपड्याने गुंडाळून लावायचा, चालू करायचा आणि मॅनिफोल्डपासून मागच्या सायलेन्सरपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं. बुडबुडे आले की सापडला. पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा फराटा दिसला तर तोही पुरावाच. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर जो टिक टिक आवाज येतो आणि मग बंद होतो, त्याला बरेच जण टॅपेटचा आवाज समजतात, तो पुष्कळदा पॅकिंगचा असतो, धातू गरम होऊन फुगला की फट मिटते.

हे झालं की गरमीकडे वळू. मला एकच गोष्ट सांगायचीये आणि ती मी प्रत्येकाला सांगतो, की गरमी आत आल्यावर अडवायची नसते, बाहेर अडवायची असते. तुमच्याकडे काम उलट्या बाजूने सुरू झालं, कार्पेटपासून. तापलेल्या पत्र्याच्या आतून कितीही थर लावा, पत्रा तर तापणारच, आणि तासाभरात सगळे थरही तापून बसणार, मग गाडी सावलीत लावली तरी थंड व्हायला दुप्पट वेळ घेणार.

पाइप एवढा तापतो का हे आधी बघा. मॅनिफोल्डमधून निघणारा गॅस जोरात चालवताना ७००-८०० डिग्रीला सहज जातो, ते ठीक आहे, इंजिनच तसं असतं. पण स्पार्कचं टायमिंग मागे असेल किंवा पेट्रोल-हवेचं मिक्श्चर थोडं पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, असेल तर पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं आणि जी ऊर्जा पिस्टन ढकलायला लागायची ती सायलेन्सरमध्ये जाते. दोन वर्षांपूर्वी इंजिन केलं तेव्हा डेल्को, म्हणजे सिलेंडरना स्पार्क वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, कुणी बघितला का? व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची छोटी नळी काढून तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलली पाहिजे. हलली नाही तर डायफ्राम फाटलाय, आणि तसं असेल तर हायवेवर निवांत ७० ने चालवताना जेवढं टायमिंग पुढे जायला हवं तेवढं जातच नाही. साठ वर्षांच्या डेल्कोत डायफ्राम फाटका निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आणि त्याने इंजिन ओव्हरहीट होईलच असं नाही, गेज नॉर्मल दाखवू शकतो आणि पाइप मात्र तापतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा, ई२० ला साधारण १३.५. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, तुमच्या एसयू कार्बोरेटरला सेन्सर नाही, तो साठच्या दशकातल्या पेट्रोलसाठी सेट केलेला, म्हणजे काहीच न बिघडता तुमच्या गाडीचं मिक्श्चर सात-आठ टक्के लीन, म्हणजे पातळ, झालं. तपासायला एसयूवर सोपी युक्ती आहे. गरम इंजिन आयडलवर असताना कार्बोरेटरच्या बाजूची पिन अलगद वर दाबून कार्बोरेटरमधला पिस्टन मिलिमीटरभरच उचला. आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर, वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि इंजिन धडपडून बंद पडायला लागलं तर लीन. लीन असेल तर खालचा जेट नट एकेक पैलू फिरवत खाली आणा, दोन्ही कार्बोरेटरचा सारखाच. आयडलला जमून वर लीनच राहत असेल तर जास्त रिच नीडल घ्यावी लागेल. हे सगळं होईपर्यंत बाकी कशावर पैसे घालवू नका.

आणि याने फरक किती पडतो म्हणाल तर शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा, वहन, अभिसरण, प्रारण. पाइपपासून पत्र्यापर्यंत गरमी मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांनी येते, आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं. पाइपचा पृष्ठभाग ३०० डिग्रीवरून २०० वर आणला तर तुम्हाला वाटेल एक तृतीयांश कमी झालं, पण हिशोब करा, ५७३ चा ४७३ होतो आणि किरणं निम्म्याहून कमी होतात. म्हणून पाइप थोडा जरी थंड झाला तरी पायाला खूप जाणवतं.

मग भोकं. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावा, बॉनेटखाली एक जोरदार टॉर्च ठेवा, कुणाला तरी तो फायरवॉलवर फिरवायला सांगा आणि तुम्ही आत कार्पेट काढून अंधारात पायाच्या जागेत डोकं घालून बसा. तुम्ही हादराल. हीटरच्या केबल, वायरिंग, स्टिअरिंग कॉलम, पेडल बॉक्स, पूर्वी कुणीतरी रेडिओसाठी पाडलेलं भोक, सगळीकडून तारे चमकतात. चालत्या गाडीत इंजिनखान्यात हवा दाबाने भरते आणि या प्रत्येक भोकातून फुंकर मारते, ती हवा रेडिएटरमधून तापून आलेली. नवे रबर ग्रोमेट लावा, उरलेल्या फटींना लाल आरटीव्ही सिलिकॉन, जे २०० डिग्रीच्या वर टिकतं. लांबी किंवा पुट्टी भरू नका, हादऱ्याने तडकते. गिअर लीव्हरच्या खालचा रबर बूट बघा, वरचा चामड्याचा नाही, तो शोभेचा, त्याच्या आतला. तो बहुतेक गाड्यांत फाटलेला किंवा गायबच असतो आणि टनेलमधली, म्हणजे दोन सीटच्या मधल्या गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याखालची, सगळी गरम हवा तिथून थेट तुमच्या हातावर येते.

अजून एक, आणि हे ऐकून अनेकांची अर्धी तक्रार मिटलीये. तुमचा हीटर बंद आहे का? नॉब बंद असेल हो, पण इंजिनच्या हेडवरचा हीटर व्हॉल्व्ह बंद आहे का? तो केबलवर चालतो, केबल सैल झाली किंवा व्हॉल्व्ह आतून झिजला की ८० डिग्रीचं पाणी हीटरच्या रेडिएटरमधून अखंड फिरत राहतं आणि तुम्ही भर मे महिन्यात हीटर लावून फिरता. गाडी गरम असताना व्हॉल्व्हनंतरच्या होजला हात लावून बघा. ठाण्यात हीटर कुणाला लागतोय, बायपास करून टाका, फक्त दोन्ही होजची तोंडं नीट जोडून, आणि ओरिजिनल पार्ट डब्यात जपून ठेवा.

आता शील्ड. गरमी कुठे आहे ते कळल्याशिवाय शील्ड लावू नका. कार्पेट काढून फ्लोअरवर खडूने चौकोन पाडा, कासारवडवलीपासून गायमुखपर्यंत जाऊन या, चाळीसेक मिनिटं झाली पाहिजेत, आणि परत आल्याआल्या इन्फ्रारेड गनने प्रत्येक चौकोनाचा आकडा लिहा. तुमच्या फ्लोअरवर आता फॉइल आहे आणि चकचकीत फॉइलवर ही गन चुकीचा, खूपच कमी आकडा दाखवते, म्हणून प्रत्येक चौकोनात काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. बहुतेक तुम्हाला दिसेल की सगळा फ्लोअर तापत नाहीये, डाव्या पायाच्या जागेतला वीतभर भाग आणि टनेलची डावी बाजू एवढंच तापतंय, कारण डाउनपाइप तिथूनच खाली उतरतो. शील्ड तेवढ्याच भागाला पुरे.

मिलिमीटरभर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, पाइप आणि फ्लोअरच्या मध्ये बसवा, पण फ्लोअरला चिकटवून नाही. दहा ते पंधरा मिलिमीटरची फट ठेवायचीच, स्टेनलेसच्या स्पेसरवर उभा करून, आणि पाइपकडेही तेवढी जागा. सगळी करामत त्या फटीत आहे. चकचकीत ॲल्युमिनियम किरणांचा ९० टक्क्यांहून जास्त भाग परत फिरवतं, जी थोडी गरमी शोषतं ती मागच्या फटीतून वाहणारी हवा घेऊन जाते, फ्लोअरपर्यंत पोचायला काही उरतच नाही. तोच पत्रा फ्लोअरला घट्ट रिव्हेट केलात तर तो फ्लोअरचाच एक जाड थर झाला. मॅनिफोल्डच्या अगदी जवळ मात्र ॲल्युमिनियम नको, ते ६६० डिग्रीला वितळतं, तिथे पातळ स्टेनलेस. आणि जीआय पत्रा तर नकोच, स्वस्त पडतो म्हणून डेंटर तोच पुढे करेल, पण त्यावरचं जस्त ४१९ डिग्रीला वितळतं आणि जास्त तापलं की त्याचा धूर होतो. पावसाळ्यात शील्डवर चिखल बसतो, धुवत जा, मातकट ॲल्युमिनियम किरणं परतवत नाही.

तुमच्या डॅम्पिंग शीटचं राहिलं. ती शीट आवाजासाठी असते, पत्रा थरथरू नये म्हणून वजन चिकटवायचं, गरमीसाठी ती बनवलेलीच नाही. तुम्हाला लावून दिली ती डांबराची दिसतेय, वास त्याचाच. वरची फॉइल दिसायला छान, पण फॉइल किरणं परतवते ती समोर हवेची फट असेल तेव्हाच, कार्पेटखाली दाबलेली फॉइल नुसता धातू आहे, गरमी आरपार. डाव्या पायाखालची तरी खरवडून काढा. फ्लोअर उघडा झालाच आहे तर गंज बघून घ्या, प्रायमर मारा, आणि आतून काही घालायचंच असेल तर एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राइल रबरची शीट, १० मिलिमीटर. ती बंद छिद्रांची असते म्हणून पाणी पीत नाही, साधारण शंभर डिग्रीपर्यंत टिकते, आणि बाहेर शील्ड लागलं असेल तर फ्लोअर तेवढा तापणारच नाही. ग्लासवूल किंवा फेल्ट नको, पहिल्याच पावसात ओलं होईल आणि फ्लोअर खाऊन टाकेल. कापडी हूड चढवलेल्या जुन्या रोडस्टरमध्ये जुलैत पाणी येत नाही असं होत नाही.

आणि आता तुमची पट्टी. गुंडाळू नका. पट्टी काम करते, खोटं नाही सांगत, पाइपच्या बाहेरचं तापमान चांगलंच उतरतं. पण ती ज्या देशांतून लोकप्रिय झाली तिथे चार महिने असा पाऊस नसतो. मी स्वतः माझ्या टू-सीटरला एका गॅरेजमधून गुंडाळून घेतली होती, पहिला उन्हाळा स्वर्ग होता, दुसऱ्या पावसाळ्यात मुंब्रा बायपासवर पाइप तुटून खाली आला. पट्टी सोडली तर आतून लोखंडाचे पापुद्रे खारीसारखे सुटत होते. ओली पट्टी साध्या लोखंडी पाइपला चिकटून राहते, वर खाडीची खारी हवा, आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. शिवाय इंजिनचं ऑइल गळून तिच्यात मुरलं तर ती वात झाली, पेटायला वेळ लागत नाही. बिडाच्या मॅनिफोल्डवर तर कधीच नको, आतल्या आत तापून त्याला तडा जाऊ शकतो. त्याऐवजी तुमचा हेडर आणि डाउनपाइप काढून सिरॅमिक कोटिंग करून घ्या, आतून-बाहेरून. पट्टीपेक्षा महाग पडतं, पण त्यात पाणी मुरत नाही, लोखंड गंजण्यापासून वाचतं आणि पाइप डोळ्यांना दिसत राहतो. पण तेही सगळ्यात शेवटी. टायमिंग, मिक्श्चर, वायसर, ग्रोमेट, हीटर व्हॉल्व्ह आणि वीतभर शील्ड एवढं झाल्यावर तुम्हाला कोटिंगची गरज वाटली तर मला परत लिहा, मला आनंद होईल.

प्रश्न : काका, माझ्या बाबांची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, १४९३ सीसीवाली. बाबा आता चालवत नाहीत, मी रविवारी पहाटे ऐरोली ते पाम बीच चक्कर मारते. दोन्ही पायांना मधल्या बाजूने, म्हणजे गिअरबॉक्सच्या टनेलकडून चटके बसतात. लीक नाहीये, तपासलं. फ्लोअर तापत नाही, टनेलच. — एक वाचक, ऐरोली

उत्तर : लीक आधी तपासलंस, फ्लोअर आणि टनेल वेगळं करून बघितलंस, निम्मं काम तूच केलंस. स्पिटफायरचं दुखणं एमजीबीपेक्षा वेगळं आहे. एमजीबीचा टनेल बॉडीच्या पत्र्याचाच भाग असतो, तुझ्या गाडीत गिअरबॉक्सवरचं कव्हर सुटं आहे, कारण गिअरबॉक्स आतल्या बाजूने काढावा लागतो. ते कव्हर मूळचं दाबलेल्या फायबरबोर्डचं असायचं, म्हणजे एक प्रकारचा जाड पुठ्ठाच. पन्नास वर्षांत ओलं-सुकं होऊन तो वाकतो, स्क्रूची भोकं मोठी होतात, कडा उचलल्या जातात आणि शेजारून जाणाऱ्या डाउनपाइपची तापलेली हवा त्या कडांमधून सरळ पायावर येते. ट्रायम्फवाल्यांची ही जगभरची तक्रार आहे.

कव्हर काढून बघ, स्क्रू आहेत फक्त, सीट आणि कार्पेट आधी बाहेर घे. पुठ्ठा भुसभुशीत झाला असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नकोस. फायबरग्लासचं किंवा मोल्डेड प्लास्टिकचं कव्हर तयार मिळतं, मागवायचं नसेल तर जुन्यावरून साचा काढून रबाळे-महापे एमआयडीसीतला फायबरग्लासवाला बनवून देईल, फक्त त्याला सांग की आतल्या बाजूला गरमी आहे, नेहमीचं रेझिन नको, जास्त तापमानाचं वापर. आणि कव्हरपेक्षा महत्त्वाची आहे ती कडेची सील. बंद छिद्रांच्या फोमची पट्टी, न तुटता एका सलग तुकड्यात, सगळ्या कडेला, आणि स्क्रू एकेक करून पूर्ण न आवळता सगळे लावून मग समोरासमोरचे आवळ, म्हणजे एका बाजूला फट राहणार नाही. कव्हरच्या आतून, डाउनपाइपच्या बाजूला, वर सांगितलं तसं ॲल्युमिनियम स्पेसरवर उभं करता आलं तर उत्तम, पण गिअर लीव्हरची जोडणी सगळ्या गिअरमध्ये फिरवून बघ, पत्र्याला लागत नाही ना. जुनं कव्हर टाकून देऊ नकोस, बाबांना विचारून ठेव.

प्रश्न : तीन छोटे प्रश्न. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर टाकून बॉनेट थोडं वर उचललं तर गरमी बाहेर जाते म्हणतात, करू का? मेकॅनिक म्हणाला थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत लागत नाही. आणि बॉनेटला जाळ्या कापू का? — एक वाचक, कळवा

उत्तर : बॉनेट उचलू नका. गाडी उभी असते तेव्हा वरून गरम हवा निघते हे खरं, पण चालायला लागली की विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवा अडून तिथे दाब वाढतो, म्हणून तर गाड्यांच्या केबिनची हवा आत घ्यायची जाळी बरोबर तिथेच दिलेली असते. म्हणजे उभ्या गाडीत तुम्ही इंजिनची गरम हवा आणि धूर त्या जाळीच्या तोंडाशी नेऊन सोडला, आणि चालत्या गाडीत बाहेरचा दाब तिथून इंजिनखान्यात शिरून खालून बाहेर जाणारी हवा अडवतो. दोन्हीकडून तोटा. त्यापेक्षा रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा, म्हणजे पुढून आलेली हवा कडेने न पळता रेडिएटरमधूनच जाईल.

थर्मोस्टॅट काढायचा नाही. केबिनच्या गरमीशी त्याचा संबंध जवळपास नाही. तो नसेल तर इंजिनला तापायला वेळ लागतो, तोवर ते जाड मिक्श्चरवर चालतं, पेट्रोल सिलेंडरची भिंत धुतं, ऑइल पातळ होतं. फार तर ८२ च्या जागी ७४ डिग्रीवाला टाका.

जाळ्या कापण्याबद्दल मला तळमळीने सांगायचंय की नका कापू. त्या बॉनेटसारखं दुसरं मिळणार नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेची व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर गाडी मूळ रूपात असावी लागते, चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. वर सांगितलेलं शील्ड, ग्रोमेट, फोम हे सगळं पान्याने काढता येतं, कापलेला पत्रा परत येत नाही.

प्रश्न : आमच्या वेळी सायलेन्सरला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचो आणि फायरवॉलला ॲस्बेस्टॉसची शीट मारायचो, कधी तक्रार नव्हती. माझ्याकडे अजून एक गुंडाळी आहे. नातवाच्या गाडीला वापरू का? — एक वाचक, वाशी

उत्तर : आजोबा, नका वापरू. गरमीला तिच्यासारखा माल नव्हता हे मान्य, म्हणून तर सगळे वापरायचे. पण तिचे तंतू फुप्फुसात गेले की निघत नाहीत आणि कॅन्सर कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी होतो, तुमच्या नातवाचं वय बघता तेवढा काळ त्याच्यासमोर आहे. ती गुंडाळी उलगडू नका, कापू नका. हलकं पाणी फवारून ओली करा, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून टेपने बंद करा, वर ॲस्बेस्टॉस असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता धोकादायक कचरा कुठे घेतात ते महापालिकेच्या घनकचरा विभागात विचारा. नातवाच्या गाडीच्या फायरवॉलवर जुनी करडी शीट किंवा मॅनिफोल्डवर जुनं पॅकिंग असेल तर तेही ॲस्बेस्टॉसचंच धरून चाला, कोरडं खरवडू नका, ब्रश किंवा ग्राइंडर तर मुळीच नको. पाणी मारून ओलं ठेवत, चांगला मास्क लावून, अख्खं उचलून काढा.

त्याच्या जागी लोक आता सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट वापरतात, १२६० डिग्रीचं, भट्टीवाले वापरतात ते. गरमी अडवतं, पण त्याचेही तंतू सुटतात आणि तेही श्वासात जाणं चांगलं नाही, म्हणून केबिनच्या आत ते नको. इंजिनच्या बाजूला दोन स्टेनलेस पत्र्यांच्या मध्ये कडा पूर्ण मुडपून बंद केलं तरच. नातवाला साधं ॲल्युमिनियमचं शील्ड बनवायला बसवा आणि तुम्ही शेजारी खुर्ची टाकून फट किती ठेवायची ते सांगा, पंधरा मिलिमीटर.